अ‍ॅम्बॅसेडरचं टायमिंग: आयडलिंगला खूण कशी जुळवायची

दिवे घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की बॉनेटखालून आवाज यायचा, डब्यात वाटाणे हलवल्यासारखा. सपाटीवर गाडी सुरेख पळायची, आयडलिंग, म्हणजे पाय न दाबता इंजिनाचं संथ चालणं, गोड होतं, पिकअप चांगला होता. आठवड्यापूर्वीच एका गॅरेजमध्ये टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी कोणत्या क्षणी पडावी याची जुळणी, करून घेतलं होतं. तिथल्या कारागिराने इंजिन चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, हळूहळू फिरवला. इंजिनाचा वेग चढत गेला आणि जिथे सर्वांत मोकळं वाजलं, तिथे त्याने बोल्ट आवळला. घरी आल्यावर टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, लावून पाहिलं, तर इंजिनाच्या पुलीवरची खूण ठरलेल्या जागेच्या खूपच पुढे होती. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो, आणि कानाने शेवटची खात्री करतो, सुरुवात नाही.

इथे सांगतो आहे ते १४८९ सीसीच्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसेडरबद्दल. ओव्हरहेड व्हॉल्व्हचं हे इंजिन मुळात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सीरीज घराण्यातलं. त्यात पॉइंट (उघडझाप करणारा संपर्क; तो उघडला की ठिणगी पडते) आणि कंडेन्सरवर चालणारा डिस्ट्रिब्युटर असतो, ज्याला जुने मिस्त्री 'डेल्को' म्हणतात. पद्धत इतर जुन्या गाड्यांनाही लागू पडते, फक्त खुणा आणि दिशा बदलतात.

कान का फसवतो

ठिणगी पडल्यावर मिश्रण एका क्षणात जळत नाही. ज्योत पसरायला वेळ लागतो, आणि दाबाचा सर्वांत मोठा धक्का पिस्टन वरच्या टोकावरून थोडा खाली उतरल्यावर बसावा लागतो. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी काही अंश पाडतात. ६०० आरपीएमला क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, एका मिलिसेकंदात ३.६ अंश फिरतो, ३००० आरपीएमला १८ अंश. जळायला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी पडावी लागते. हे काम डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन वजनं आणि स्प्रिंग करतात. हलक्या पायाने चालवताना व्हॅक्यूमची डबी त्यात आणखी भर घालते.

आपण आयडलिंगला जो आकडा बसवतो तो या सगळ्याचा पाया आहे. वजनांनी घातलेले अंश त्याच्यावर चढतात. पायाच पुढे सरकला, तर वरची सगळी इमारत पुढे सरकते.

आयडलिंगला सिलिंडरमध्ये मिश्रण थोडंच असतं, आणि त्यात आधीच्या फेरीचा जळका धूरही मिसळलेला असतो. असं मिश्रण संथ जळतं, त्यामुळे इंजिनाला त्या वेळी ठिणगीची मोठी आघाडी, म्हणजेच खूप जास्त अ‍ॅडव्हान्स आवडतो. डिस्ट्रिब्युटर फिरवत गेलं की वेग वाढत जातो आणि कानाला वाटतं, हेच बरोबर. घाटात पूर्ण पाय दाबल्यावर मात्र सिलिंडर दाट मिश्रणाने भरतो, ते भराभर जळतं, आणि कानाने ठरवलेली ठिणगी तेव्हा फार लवकर पडते. डब्यातल्या वाटाण्यांचा आवाज तोच. तो बराच काळ चालू राहिला तर पिस्टनचा माथा आणि हेड गॅस्केट यांचं काही खरं नसतं.

आधी पॉइंट, मग टायमिंग

हा क्रम उलटा केला तर सगळं काम दोनदा करावं लागतं. पॉइंटचा गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, म्हणजे टायमिंग पुढे जातं. पॉइंटची टाच, म्हणजे फिरत्या कॅमवर घासणारा भाग, झिजून गॅप कमी झाला की टायमिंग मागे पडतं. टायमिंग बसवून नंतर गॅपला हात लावला, तर बसवलेलं टायमिंग गेलं.

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, रोटर (टोपीखालचा फिरता हात) वर ओढून बाजूला ठेवा. टोपीच्या आत बारीक काळी रेघ गेली आहे का, उजेडात धरून बघा. तिथून करंट पळतो. मधला कार्बन स्प्रिंगवर दाबला जातो ना, तेही बघा. मग गिअरमध्ये मागचं चाक उचलून किंवा हँडलने इंजिन इतकं फिरवा की पॉइंटची टाच कॅमच्या उंच टोकावर येईल. पॉइंटच्या तोंडावर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिसला, तर घासत बसू नका, नवा जोड घाला. खड्ड्यात फीलर गेजची सपाट पट्टी खरा गॅप सांगत नाही. खड्डा खूप लवकर पडत असेल तर कंडेन्सरवर संशय घ्या.

गॅप १४ ते १६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिमी. १५ थाऊची पट्टी किंचित घासत आत जावी, ढिली पडू नये, अडकूही नये. स्थिर पॉइंटचा स्क्रू आवळताना गॅप हमखास हलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. ड्वेल, म्हणजे पॉइंट किती अंश बंद राहतात ते, दाखवणारा मीटर असेल तर त्याहून चांगलं. या लुकास पद्धतीच्या चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरला ड्वेल ६० अंशांच्या आसपास, तीन अंश इकडेतिकडे चालतो. नवीन पॉइंटवर पातळ तेलाचा थर असतो, तो पेट्रोलमध्ये बुडवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसा. कॅमला ग्रीसचं बोट फक्त लागल्यासारखं लावा. रोटरखालच्या स्क्रूवर तेलाचे दोन थेंब सोडा, ते झिरपून कॅमच्या आतल्या बेअरिंगपर्यंत जातात.

प्लगचा गॅप २५ थाऊ ठेवा. एअर फिल्टर आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, आधी बघून घ्या, कारण टॅपेट घट्ट असेल तर आयडलिंगला इंजिन थरथरतं आणि खूण नाचताना दिसते.

पहिल्या सिलिंडरचा टॉप शोधणं

एक नंबरचा सिलिंडर रेडिएटरकडचा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२. चारही प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवून दुसऱ्याला हँडल फिरवायला सांगा. हवा अंगठ्याला बाहेर ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा फेरा. रॉकर कव्हर उघडं असेल तर आणखी सोपं आहे: चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलत असतील, एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, तर एक नंबर कॉम्प्रेशनच्या टॉपवर, म्हणजे त्याचा पिस्टन सर्वांत वर, आहे.

क्रँकच्या पुलीवर एक खाच असते आणि टायमिंग कव्हरवर तीन टोकं. सर्वांत लांब टोक म्हणजे टॉप, म्हणजे शून्य. बाकीची दोन ५ आणि १० अंश आधीची. पुढून पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं, त्यामुळे खाच आधी १० च्या टोकाजवळ येते, मग ५, मग लांब टोक. काही इंजिनांवर ही टोकं पुलीच्या खालच्या बाजूला असतात आणि ती पाहायला गाडीखाली वाकावं लागतं. वायरब्रशने खाच घासून तिच्यात पांढरा रंग भरा, टोकांनाही लावा. पन्नास वर्षांचं ग्रीस आणि धूळ यांच्यात न रंगवलेली खाच टायमिंग लाइटने दिसत नाही.

गाडी अनेक हातांतून गेली असेल तर खूणच खरी आहे का, हे एकदा तपासणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पुली कधी बदललेली असते, कधी टायमिंग कव्हर दुसऱ्या इंजिनाचं. तपासणी साधी आहे. चारही प्लग बाहेर असू द्या. एक जुना प्लग घ्या, त्यातलं चिनीमातीचं काढून टाका आणि आरपार गोल टोकाचा बोल्ट बसवा. हा एक नंबरच्या भोकात घट्ट करा. आता हाताने, अगदी हळू, पिस्टन बोल्टला टेकेपर्यंत इंजिन फिरवा आणि लांब टोकासमोर पुलीवर खडूची रेघ काढा. मग उलट दिशेने टेकेपर्यंत फिरवा, दुसरी रेघ काढा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा टॉप. खाच तिथे असेल तर पुढे जा. नसेल तर नवी खाच कानशीने पाडा. बोल्ट आत असताना स्टार्टरला हात लावायचा नाही. किल्ली गाडीत ठेवू नका, खिशात ठेवा.

इंजिन बंद ठेवून टायमिंग

टायमिंग लाइट लावण्याआधी बल्बने बसवून घेतो. डिस्ट्रिब्युटर काढून पुन्हा घातला असेल तर हे टाळता येत नाही, आणि रस्त्यात अडकल्यावरही हेच कामाला येतं.

किती अंश? हा आकडा इंजिनाच्या कॉम्प्रेशनप्रमाणे आणि डिस्ट्रिब्युटरच्या मॉडेलप्रमाणे बदलतो. तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचा नको. मॅन्युअलमध्ये दोन आकडे दिसतील तर गोंधळू नका: एक इंजिन बंद असतानाचा, दुसरा विशिष्ट आरपीएमला लाइटने बघायचा. दुसरा थोडा जास्त असू शकतो, कारण त्या वेगाला वजनं किंचित उघडलेली असतात.

समजा आकडा ५ अंश आहे. इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत खाच ५ च्या टोकासमोर आणा. पुढे गेली तर मागे ओढून जुळवू नका. चांगलं पाव वळण मागे नेऊन पुन्हा पुढे आणा. टायमिंग चेनमध्ये आणि डिस्ट्रिब्युटरच्या गिअरमध्ये ढिलेपणा असतो, तो नेहमी एकाच बाजूला ताणलेला राहायला हवा. रोटर टोपीतल्या एक नंबरच्या वायरकडे बघतोय ना, ते पाहा. चार नंबरकडे बघत असेल तर इंजिन आणखी एक पूर्ण वळण फिरवा.

नंबर प्लेटच्या दिव्याचा १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायर पुरतात. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टर्मिनलला, जुन्या कॉइलवर ज्याच्याजवळ सीबी अशी अक्षरं असतात. दुसरं टोक इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. इग्निशन चालू करा. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटरच्या क्लॅम्पचा बोल्ट इतकाच ढिला करा की हाताने जोर लावल्यावर फिरेल.

या इंजिनात वरून पाहिलं तर रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरची बॉडी आधी घड्याळाच्या उलट फिरवून बल्ब विझवा, मग अगदी सावकाश काट्याच्या दिशेने फिरवा. बल्ब पेटला त्याच क्षणी थांबा. रोटर बोटाने त्याच्या फिरण्याच्या उलट बाजूला हलकेच दाबून ठेवला तर वजनं मागे टेकलेली राहतात आणि पेटण्याचा क्षण स्पष्ट कळतो. क्लॅम्प आवळा, इग्निशन बंद करा. पॉइंट बंद असताना इग्निशन बराच वेळ चालू राहिलं तर कॉइल तापते, म्हणून बल्ब बघण्यापुरतंच चालू.

डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. बॉडी एक अंश फिरवली की टायमिंग दोन अंश बदलतं. हे डोक्यात ठेवलं की हात आपोआप हलका होतो.

चालू इंजिनावर, टायमिंग लाइटने

इंजिन पूर्ण गरम हवं आणि चोक पूर्ण आत. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद गॅरेजमध्ये नको. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना विटा. आणि ही गोष्ट मी कुणालाही मदतीला घेतलं की सगळ्यात आधी सांगतो: टायमिंग लाइटच्या झगमगाटात पंखा थांबल्यासारखा किंवा हळू फिरल्यासारखा दिसू शकतो. तो थांबलेला नसतो. ओढणी, सैल बाही, हातातलं कडं, गळ्यातली साखळी बाजूला ठेवा.

लाइटची लाल क्लिप बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला, थेट बॅटरीच्या खांबांवर. जुन्या ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांत कधी प्लस गाडीच्या बॉडीला जोडलेलं असतं, आणि सवयीने काळी क्लिप बॉडीला लावली तर लाइट जळून जाऊ शकतो. तिसरी क्लिप एक नंबरच्या प्लगच्या वायरवर, तिच्यावरचा बाण प्लगकडे.

व्हॅक्यूमचा पाइप डिस्ट्रिब्युटरपासून काढा आणि त्याचं मोकळं तोंड पेन्सिलीच्या तुकड्याने किंवा छोट्या बोल्टने बंद करा. कार्ब्युरेटरमधलं व्हॅक्यूमचं भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला असतं, आणि आयडलिंगला तिथे ओढ नसायला हवी. पण आयडल स्क्रू जास्त आत गेलेला असेल तर पाकळी किंचित उघडी राहते, भोकाला ओढ मिळते आणि आकडा खोटा दिसतो. पाइप काढल्यावर आयडलिंग बदललं, तर तेच चाललं होतं असं समजा.

आता आयडलिंग शक्य तितकं खाली आणा, ६०० च्या आसपास. याच पायरीवर सगळ्यात जास्त चुका होतात. ९०० वर चालणाऱ्या इंजिनात वजनं काही अंश आधीच उघडलेली असू शकतात. त्यावर खूण जुळवली तर पाया कमी बसतो आणि गाडी घाटात मरगळते. इंजिन ६०० वर उभंच राहत नसेल, तर टायमिंग सोडा आणि आधी मॅनिफोल्डमधून हवा ओढली जातेय का, मिश्रण कसं आहे, ते बघा.

लाइट खुणेवर धरा. खाच स्थिर उभी दिसते. ती लांब टोकाकडे, म्हणजे शून्याकडे असेल तर टायमिंग मागे आहे: बॉडी घड्याळाच्या दिशेने किंचित फिरवा. ती १० च्या पलीकडे असेल तर उलट. काही डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला दातेरी कडेचं छोटं नट असतं आणि त्याच्याजवळ रेघा. एका रेघेने सुमारे ५ अंश बदलतात. ते असेल तर क्लॅम्पला हात न लावता त्यानेच शेवटचे दोन अंश साधता येतात, ही फार सुखाची सोय आहे.

टायमिंग पुढे नेलं की आयडलिंगचा वेग वाढतो. तो पुन्हा खाली आणा आणि खूण पुन्हा बघा. दोन-तीन वेळा हा खेळ करावा लागतो, त्याला इलाज नाही. मग क्लॅम्प आवळा आणि आवळल्यावर परत एकदा लाइट मारा.

खूण काय सांगते

खूण एका जागी उभी असेल तर आनंदाची गोष्ट. दोन-तीन अंशांत नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचं बुश झिजलेलं असण्याची शक्यता मोठी. टोपी काढून शाफ्ट बोटांनी आडवा हलवा, डुगडुगतो का ते लगेच कळतं. बुश गेलं असेल तर प्रत्येक सिलिंडरला पॉइंटचा गॅप वेगळा पडतो आणि कितीही जुळवलं तरी जुळत नाही. टायमिंग चेन ढिली असली तरी खूण भटकते.

आता हळूहळू रेस वाढवा. खाच लांब टोकापासून दूर, टायमिंग वाढण्याच्या बाजूला सरकत जायला हवी आणि रेस सोडल्यावर नेमकी पहिल्या जागी परत यायला हवी. हललीच नाही तर वजनं गंजून अडकली आहेत. झटका मारून सरकली किंवा परत आली नाही, तर स्प्रिंग गेली आहे. अशा डिस्ट्रिब्युटरवर आयडलिंगचा आकडा कितीही अचूक बसवला तरी रस्त्यावर उपयोग शून्य.

मी आणखी एक रेघ काढून ठेवतो. शिंप्याच्या टेपने पुलीचा घेर मोजा आणि ३६० ने भागा. पुलीचा व्यास १२५ मिमी असेल तर घेर सुमारे ३९३ मिमी, एक अंश म्हणजे १.०९ मिमी, आणि ३० अंश म्हणजे जवळजवळ ३३ मिमी. फिरण्याच्या दिशेने खाचेच्या पुढे इतक्या अंतरावर दुसरी पांढरी रेघ काढा. व्हॅक्यूमचा पाइप काढलेलाच ठेवून रेस इतकी वाढवा की खूण पुढे सरकायची थांबेल. त्या वेळी ही नवी रेघ लांब टोकासमोर आली, तर एकूण अ‍ॅडव्हान्स ३० अंश. या घराण्यातल्या इंजिनांना ३० ते ३२ च्या पुढे मी नेत नाही. वजनांच्या प्लेटवर आकडा कोरलेला असेल तर तो डिस्ट्रिब्युटरच्या अंशांत असतो. १० लिहिलं असेल तर क्रँकवर २० अंश धरायचे. पाया ५, वजनांचे २०, म्हणजे एकूण २५. इतकी साधी बेरीज.

शेवटी व्हॅक्यूमची डबी. पाइपात पेट्रोल नाही ना हे पाहून, डिस्ट्रिब्युटरला जोडलेल्या पाइपाचं दुसरं टोक तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. आतली पाटी सरकली आणि तशीच राहिली तर पडदा शाबूत आहे. हळूहळू परत आली तर फाटला आहे. मग पाइप जागेवर लावा आणि आयडलिंग नेहमीच्या जागी आणा.

रस्त्यावर

आता कानाची पाळी. इंजिन गरम, गाडीत दोन-तीन माणसं, आणि एक चढ. टॉप गिअरमध्ये ४० च्या वेगाला पाय पूर्ण दाबा. अजिबात टिकटिक नको. क्षणभर हलकी आली आणि लगेच गेली तरी मी एक अंश मागे घेतो. गरम इंजिन सुरू करताना स्टार्टर अडखळत असेल, उलटा धक्का बसत असेल, तर टायमिंग पुढे आहे. चढावर गाडी ओढत नाही, पाणी लवकर तापतं, सायलेन्सरमधून आवाज पोकळ येतो, ही टायमिंग मागे असल्याची लक्षणं.

अ‍ॅम्बॅसेडर हँडलने सुरू करणाऱ्यांसाठी तर हा आकडा मनगटाचा प्रश्न आहे. टायमिंग पुढे असेल तर हँडल उलटं फिरून हाड मोडू शकतं. अंगठा नेहमी बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीत गुंडाळू नका, आणि हँडल खालून वर ओढा.

आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने नॉकिंग, म्हणजे तो वाटाण्यांचा आवाज, कमी होतं, त्यामुळे पूर्वी जिथे गाडी वाजायची तिथे आता वाजणार नाही, म्हणून टायमिंग आणखी पुढे न्यायचा मोह होतो. मी नेत नाही. आवाज येत नाही म्हणजे ठिणगी योग्य वेळी पडते असं नव्हे. एकूण अंशांची मोजणी तरीही खरी. त्यापेक्षा जुने रबरी पाइप बदला, इथेनॉलने ते लवकर फुगतात आणि चिरतात.

पद्मिनी किंवा मारुती ८०० असेल तर

पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर हीच, १-३-४-२. मारुती ८०० तीन सिलिंडरची, १-३-२. दोन्हींत रोटर कोणत्या बाजूला फिरतो ते टोपी काढून, इंजिन हाताने फिरवून आधी डोळ्यांनी बघा. रोटरच्या उलट बाजूला बॉडी फिरवली की टायमिंग पुढे जातं, हा नियम सगळीकडे एकच. पॉइंटचा गॅप आणि अंश त्या त्या मॅन्युअलमधून घ्या, आणि व्हॅक्यूमचा पाइप काढून खूण बघायची की लावून, तेही तिथेच वाचा. काम झाल्यावर तारीख, गॅप, आयडलिंगचे अंश आणि एकूण अंश बॉनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून लिहून ठेवा. पाच हजार किलोमीटरनंतर पुन्हा लाइट मारला की पॉइंटची टाच किती झिजली, हे त्या कागदाशेजारी उभं राहूनच कळतं.